चूक विमानाची

बासष्टाव्या वर्षापर्यंत खंडेरावांच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. असं त्यांचंच म्हणणं होतं. ते खोडून काढायचं तर त्यांच्यासमोर तासभर बसावं लागलं असतं, म्हणून करमाडच्या बाजूला त्या भानगडीत कुणी पडत नसे.

एकदा वेरूळला भाचीचं लग्न होतं. खंडेराव शहरातल्या स्टँडवर गेले आणि पैठणच्या गाडीत बसले. पैठणला उतरल्यावर त्यांनी शांतपणे गोदावरीत आंघोळ केली, नाथांचं दर्शन घेतलं आणि संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, की दर्शनाचं मनात होतंच, आणि लग्नं काय, होतच असतात. त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, वेरूळच्या मांडवात आहेराची पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर त्यांची वाट बघितली होती. "गाडीवर पाटी नीट नव्हती," एवढं मात्र खंडेरावांनी मान्य केलं. चूक झाली असलीच तर ती एसटीची होती.

त्यांच्याजवळ सत्तर मेंढरं होती आणि दोन कान होते. कानांचा त्यांना मेंढरांपेक्षाही जास्त अभिमान. मेंढराच्या बरगडीला कान लावला की आत काय बिघडलंय ते त्यांना कळे, आणि हे खरोखरच कळे, त्यात थट्टा नाही. आसपासचे धनगर आजारी जनावर खांद्यावर टाकून त्यांच्याकडे येत. पण एवढ्यावर थांबले तर ते खंडेराव कसले! पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, सुनेचा मिक्सर, सगळ्यांचे श्वास ते तपासत. एका मोटरीबद्दल त्यांनी सांगितलं होतं, "शनिवारी जळणार." ती रविवारी जळली. "शनिवारी लाइट नव्हती," खंडेराव म्हणाले.

आता त्यांच्या नशिबाने, जालना रोडपासून आत, जिथे ते मेंढरं चारत, तिथेच विमान शिकवायची एक शाळा निघाली. छोटी धावपट्टी, एक पत्र्याची शेड, आणि दोन-दोन माणसांची, एकेका इंजिनाची तीन विमानं. दुसऱ्या कुणाची मेंढरं बुजून पळाली असती. खंडेरावांच्या मेंढरांनी पंधरा दिवसांत माना वर करायचं सोडून दिलं, आणि खंडेरावांनी तिन्ही विमानांना नावं ठेवली. निळ्या पट्ट्याची ती भुरी, काळ्या नाकाची काळतोंडी, आणि उतरताना एका चाकावर टेकणारी ती लंगडी. "भुरीला आज जरा धाप हाय," असं ते फाटकावरच्या बन्सीला सांगत. बन्सी सुरक्षारक्षक होता. तो म्हणे, "हाव बाबा, डॉक्टरला दाखवतो."

शाळेने खंडेरावांशी एक सरळ करार केला होता. धावपट्टी पूर्वेकडे जिथे संपते, तिच्या डाव्या अंगाचं कुरण त्यांनी चारायचं. गवत आपोआप कमी होतं, म्हणून शाळाही खूश. पण धावपट्टीच्या नाकासमोर जो लांब मोकळा पट्टा होता, चुना फासलेल्या दगडांनी आखलेला, त्यात विमानं उडत असताना एकही मेंढरू जाता कामा नये. गेलं तर कुरण बंद. शाळेचे मोठे साहेब, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, त्यांनी हे तीनदा समजावलं होतं. पट्ट्यातलं गवत अर्थातच जास्त उंच होतं. खंडेराव ते रोज बघत आणि रोज मन मारत. शिवारभर दुसरीकडे कुठे एवढा चारा उरला नव्हता, म्हणून त्यांनी कुरणाला जिवापाड जपलं होतं.

आणि त्या शाळेत तनुजा होती. शेजारच्या इंद्रजीत पाटलांची मुलगी, एकोणीस वर्षांची. उन्हाळ्यात खंडेराव दरवर्षी पाटलांच्या रानात मेंढरं बसवत, म्हणजे जाळं लावून चार रात्री कळप तिथेच मुक्कामाला, की रानाला खत मिळे. तेव्हा ही पोर परकर सावरत कोकरांच्या मागे पळायची. आता ती पांढरा शर्ट घालून स्कुटीवरून यायची आणि फाटकातून हाक मारायची, "खंडूबाबा, आज भुरीची तब्येत कशी हाय?"

"खा-पिऊन ठीक हाय. तू नीट हाक तिला."

"हाकत नसत्यात बाबा, उडवत्यात."

"तेच ते."

ती गुरुवारची सकाळ होती, दहाचा सुमार. तनुजा एकटीने उडत होती. शिकवणाऱ्या माणसाशिवाय तिची ती तिसरी वेळ. खंडेराव कुरणात दगडांच्या अगदी जवळ काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. भुरी धावली, उचलली गेली, त्यांच्या डोक्याच्या बरीच वर आली, आणि खोकली.

एकदाच. मग पुन्हा. खंडेरावांच्या अंगावर काटा आला, कारण असा खोकला त्यांनी जन्मभर ऐकला होता आणि त्याच्यानंतर काय होतं ते त्यांना पाठ होतं. तिसऱ्या खोकल्यानंतर आवाजच बंद झाला. नुसती हवेची सूं सूं ऐकू यायला लागली.

इथे खंडेरावांनी विचार केला, आणि तो फार चटकन केला. आजारी जनावर काय करतं? माघारी फिरतं. कुठेही चरायला ने, पोटात कळ आली की ते वाड्याकडे तोंड करतं. भुरीचा वाडा मागे होता, धावपट्टीवर. ती माघारी फिरणार, आणि विमानं इथे नेहमी डावीकडेच वळतात. म्हणजे ती येणार बरोबर कुरणावरून, मेंढरांच्या डोक्यावर. वाचायची जागा एकच, समोरचा तो मोकळा पट्टा.

त्यांनी जिभेने टाळूवर टक-टक-टक केलं आणि काठी फिरवली. पुढचा बोकड निघाला आणि त्याच्यामागे सत्तर मेंढरं चुन्याच्या दगडांवरून उड्या मारत पट्ट्यात शिरली. एवढं शिस्तीचं काम त्यांच्या मेंढरांनी आयुष्यात केलं नव्हतं.

भुरी वळली नाही. नाक खाली करून ती सरळ पुढे येत राहिली, त्याच पट्ट्याकडे.

खंडेराव ओरडले. काय ओरडले ते त्यांना कधीच आठवलं नाही. वरून भुरी आता इतकी खाली आली होती, की काचेमागचं तोंड दिसत होतं. मग तिचं नाक थोडंसं उजवीकडे गेलं. मेंढरांच्या कडेवरून ती सुसाट निघाली, दगडांची रांग ओलांडून पलीकडच्या नांगरटीत टेकली, दोनदा उसळली, आणि पुढचं चाक ढेकळात रुतून मोडलं. धुरळा उडाला. भुरी नाक जमिनीत खुपसून गप्प झाली.

खंडेराव त्या वयात जसं कुणी पळू नये तसे पळाले. ते पोचले तेव्हा दार उघडून तनुजा खाली उतरली होती. कपाळावर टेंगूळ आणि छोटी खोक होती, बाकी धड होती. दोन पावलं चालली आणि ढेकळावर बसली. तिचे दात वाजत होते. खंडेरावांनी खांद्यावरची घोंगडी काढून तिच्याभोवती गुंडाळली आणि मग, भीती उतरली की मोठी माणसं जे करतात ते केलं. रागावले.

"माघारी का नाय फिरलीस? आँ? जनावराला कळतं ते तुला कळंना?"

"माघारी फिरायचं नसतं, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "खाली असताना कधीच नाय."

तेवढ्यात शेडकडून जीप आली. मधल्या वेळात मेंढरांनी खंडेरावांचा सिद्धांत तंतोतंत खरा केला होता. आदळण्याच्या आवाजाने घाबरून ती सगळीच्या सगळी माघारी फिरली होती आणि कुरणात आपल्या जुन्या जागी जाऊन उभी होती. पट्टा रिकामा. तिथे कधी कुणी पाऊल ठेवलंय असं वाटू नये इतका रिकामा.

कॅप्टनांनी आधी तनुजाचे डोळे बघितले, हातपाय हलवायला लावले, पाणी पाजलं. मग ते पट्ट्याकडे वळले.

"इंजिन बंद पडणं तुझ्या हातात नव्हतं. पण तनुजा, समोर एवढी मोकळी जागा सोडून नांगरटीत कशी गेलीस? विमान उलटलं असतं तर?"

"सर, समोर मेंढरं होती."

कॅप्टनांनी पट्ट्याकडे बघितलं. मग कुरणाकडे. मग खंडेरावांकडे. "बाबा, तुमची मेंढरं पट्ट्यात होती का?"

खंडेरावांच्या डोळ्यांसमोर कुरण आलं, तीन वेळा मिळालेली ताकीद आली. आणि त्यांचं तोंड, जे बासष्ट वर्षं एकाच वळणाचं होतं, आपोआप उघडलं.

"आमची मेंढरं? ती बघा की सायेब. कुरणात चरायलीत."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मेंढरं खरंच कुरणात चरत होती. तनुजाने खंडेरावांकडे बघितलं. खंडेराव काठीकडे बघत होते. तिने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "मग मला भास झाला असेल, सर. घाबरले होते. चुकलं असेल माझं."

एका दमात म्हणाली. बासष्ट वर्षांत जे शब्द खंडेरावांच्या तोंडातून एकदाही निघाले नव्हते, ते त्या पोरीने पाणी पिता-पिता म्हणून टाकले.

मंगळवारी चौकशी ठरली. इंजिनाचं इंजिनवाले बघणार होते. तनुजाचं असं होतं, की आणीबाणीत तिला नसलेल्या गोष्टी दिसत असतील, तर तिला पुन्हा एकटीच्या हातात विमान द्यायचं की घरी पाठवायचं, ते कॅप्टन ठरवणार होते.

दुपारी सुगंधाबाई भाकरी घेऊन कुरणात आल्या, तेव्हा खंडेरावांनी सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. खोकला कसा ओळखला, कसे धावले, घोंगडी कशी पांघरली. सुगंधाबाई ऐकता-ऐकता एका कोकराच्या लोकरीतली कुसळं काढत होत्या.

"ही कुसळं कुठली वं?" त्यांनी विचारलं.

"कुठली म्हंजे? गवताची."

"कुरणातलं गवत तर गुडघ्याएवढंबी राहिलं नाय. ही उंच गवताची हायत. दगडापलीकडची."

खंडेराव भाकरी खात राहिले. भाकरी बराच वेळ चावावी लागली. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं आणि वर निकालही दिला. "माझा अंदाज बरोबर व्हता. त्यानं माघारी फिरायला पायजे व्हतं. विमान चुकलं."

सुगंधाबाईंनी कोकरू खाली सोडलं. एसटी, मोटर, तलाठी, पंचांग आणि सासरा, एवढ्यांच्या चुका त्यांनी आजवर ऐकून घेतल्या होत्या. "विमान चुकलं," त्या म्हणाल्या. "बरं." आणि मोकळं फडकं झटकून निघून गेल्या. भांडल्या असत्या तर खंडेरावांना सोपं गेलं असतं. भांडणात ते कधी हरले नव्हते.

शनिवारी इंद्रजीत पाटील नांगरट बघायला आले. होय, लेक उतरली होती ती थेट बापाच्याच रानात, आणि यावरून गावात दोन दिवस चेष्टा चालली होती. पाटील स्वतः मात्र हसत नव्हते. खंडेरावांना बघून त्यांनी हात जोडले.

"तुमी व्हते म्हणून बरं झालं, खंडूबाबा. घोंगडी घालून बसली व्हती पोरगी. तुमचे लई उपकार."

"छ्या, उपकार कसले."

"घरी बसून हाय. जेवत नाय. म्हणती, मला मेंढरं दिसली, खरंच दिसली, पण नसतील. माझ्या डोळ्यांवरच माझा इस्वास राहिला नाय, म्हणती."

पाटील गेल्यावर खंडेरावांनी एका धडधाकट मेंढीला उगाच पकडलं आणि तिच्या बरगडीला बराच वेळ कान लावून बसले. तिला काहीच झालेलं नव्हतं. जे बिघडलं होतं ते दुसरीकडे होतं, आणि त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. पोरीने त्यांची मेंढरं वाचवली होती. चाक मोडून घेतलं, कपाळ फोडून घेतलं, आणि वरून त्यांचं कुरणही वाचवलं, स्वतःचे डोळे खोटे ठरवून. खंडेरावांना लाज वाटली. इतकी, की त्या दिवशी बन्सीने "बाबा, लंगडीची तब्येत कशी?" विचारलं, तर ते म्हणाले, "मला काय ठावं." बन्सीला वाटलं म्हाताऱ्याला ताप आलाय.

मंगळवारी सकाळी खंडेरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि कुणी न बोलावता शेडकडे निघाले. सुगंधाबाईंनी कुठे चाललात असं विचारलं नाही. चपला घातल्या आणि मागून निघाल्या.

आत टेबलामागे कॅप्टन आणि आणखी एक चष्मेवाले साहेब होते. समोर तनुजा, कपाळावर पट्टी. खंडेराव दारातच बोलायला लागले, आणि बोलायला लागले ते मेंढराच्या पोटशूळापासून. मेंढरू आजारी पडलं की ते काय करतं, त्यांच्या वडिलांच्या वेळी दुष्काळात कळप कसा माघारी फिरला होता, बोकडाला टक-टक केलं की तो काय समजतो. चष्मेवाल्या साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. कॅप्टन मात्र पुढे वाकून ऐकत होते.

"...म्हणून मी मेंढरं कुरणातून काढून पट्ट्यात घातली, सायेब. विमान माघारी फिरणार म्हणून. आन ते फिरलंच नाय."

"म्हणजे मेंढरं पट्ट्यात होती?"

"सत्तरच्या सत्तर."

तनुजाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

कॅप्टनांनी पेन खाली ठेवलं. "बाबा, विमान एवढं खाली असताना माघारी वळवलं ना, तर ते पडतं. वळण पूर्ण व्हायच्या आत जमीन येते. मोठमोठे पायलट त्याने गेलेत. म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही शिकवतो, समोर जा, जे असेल त्यात उतर. हिने तेच केलं."

"अस्सं," खंडेराव म्हणाले.

"मग काय म्हणता, चूक विमानाची?"

कॅप्टनांनी हे हसत विचारलं होतं. पण खंडेराव हसले नाहीत. दाराच्या चौकटीशी सुगंधाबाई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला. खंडेरावांनी फेटा नीट केला, काठी या हातातून त्या हातात घेतली, खाकरले.

"नाय," ते म्हणाले. "चूक माझी. विमानाची नाय आन पोरीची तर मुळीच नाय. तिचे डोळे चांगले हायत. त्या दिशी मी तुमाला फिरवून सांगितलं आन पोरीला खोटं पाडलं, तीबी माझीच चूक."

एकदम दोन. सुगंधाबाईंनी नंतर बायकांत सांगितलं, की चाळीस वर्षांची उधारी त्यांनी एका बैठकीत फेडली.

कॅप्टनांनी सगळं लिहून घेतलं, खंडेरावांचा अंगठा न घेता सहीच घेतली, कारण खंडेरावांनी सही येते असं ठासून सांगितलं. तनुजाला पुन्हा उडायची परवानगी मिळाली. आणि कुरण बंद झालं. कॅप्टनांना ते जड गेलं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, पण नियम नियम होता, आणि या खेपेला त्याच्यावर वाद घालायला खंडेरावांकडे काही नव्हतं. "बरोबर हाय सायेब," ते म्हणाले. बाहेर आल्यावर तनुजा पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला अर्ध्यात धरलं आणि दम दिला, "ध्यानात ठेव, खाली असताना माघारी फिरायचं नसतं." संध्याकाळपर्यंत करमाडच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना कळलं होतं, की इंजिन बंद पडलं तर विमान सरळ पुढे न्यायचं असतं, आणि हे खंडेराव सांगतायत म्हणजे त्यात शंका नाही.

आता ते मेंढरं लांबच्या एका बरड माळावर नेतात. तिथे गवत कमी आणि दगड जास्त. रोज दीड कोस जास्त चालावं लागतं आणि मेंढरं संध्याकाळी अर्धपोटी परततात. खंडेरावांना त्याचं वाईट वाटतं, आणि ते कुणालाही दोष न देता वाईट वाटू देण्याची त्यांना सवय नाही, म्हणून जरा जास्तच वाटतं.

तीन आठवड्यांनी तनुजा पुन्हा एकटी उडणार होती. भुरीला नवं चाक आणि दुरुस्त इंजिन बसलं होतं. त्या दिवशी सुगंधाबाई भाकरी घेऊन माळावर जरा लवकरच आल्या. खंडेराव उंचवट्यावर उभे होते. लांब खाली धावपट्टी दिसत होती, सुतळीएवढी. भुरी धावली. उचलली गेली. कुरणाच्या वर आली.

खंडेरावांनी डोळे मिटले आणि कान दिला, पण छातीच एवढी धडधडत होती, की दुसरं काही ऐकू येईना. चारचौघांत कधी बायकोच्या शेजारी न बसणाऱ्या त्या माणसाने उघड्या माळावर सुगंधाबाईंचं मनगट घट्ट धरलं.

"अगं," त्यांनी विचारलं, "नीट वाजतंय ना?"

सुगंधाबाईंनी आवाज डोंगराकडे जाईपर्यंत ऐकला.

"नीट वाजतंय," त्या म्हणाल्या, आणि खंडेरावांनी ते खरं मानलं.